रंगनाथ मौले यांचे भारतभ्रमण

रंगनाथ मौले प्रवाशांना नावाने ओळखत नसत, उतरण्याच्या ठिकाणाने ओळखत. रोज उपनगरला उतरणाऱ्या शिक्षिका म्हणजे ‘उपनगर’. द्वारकेला उतरणारा औषधांच्या दुकानातला माणूस ‘द्वारका’. मी वर्तमानपत्राच्या कचेरीपाशी उतरत असे, म्हणून ‘पेपर’. नाशिक रोड स्टेशनबाहेरच्या स्टँडवर मी दिसलो की ते इंजिन सुरू करत आणि म्हणत, “पेपर, बसा.” माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. एक निवृत्त गृहस्थ दर रविवारी स्टँडवरून बसत, गोदाघाटापर्यंत जात आणि खाली न उतरता त्याच रिक्षाने परत येत. त्यांना काय म्हणायचं हे आण्णांना बरेच दिवस सुचलं नव्हतं. शेवटी ते त्यांना ‘रविवार’ म्हणू लागले.

सगळा स्टँड त्यांना आण्णा म्हणत असे. ठेंगणा, रुंद मानेचा माणूस, खाकी शर्टाची गळ्यापर्यंत लावलेली बटणं, खिशावर परवान्याचा पितळी बिल्ला. घर मूळचं मखमलाबादकडचं, माळ्याचं. भाऊ अजून झेंडू लावत. पहाटे उठून फुलं तोडायची नकोत म्हणून आपण रिक्षा घेतली, असं आण्णा सांगत आणि पहाटेच्या गाड्यांचे उतारू मिळावेत म्हणून भावांच्याही आधी उठत. रिक्षातला आरसा त्यांनी आत वळवून ठेवला होता. त्यात रस्ता दिसत नसे, प्रवाशाचं तोंड दिसे. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, “मागची गाडी आवाजावरनं कळती. मागचा माणूस नाय कळत.”

कोणतीही गोष्ट विचारली की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, “पुढच्या चौकात सांगतो.” पुढचा चौक येई आणि जाई. कधी कधी मात्र दोन दिवसांनी त्याच चौकात गाडी आली की ते मध्येच उत्तर देत आणि प्रश्न काय होता ते मला आठवावं लागे.

एका बाबतीत ते चौकाची वाट पाहत नसत. दारू प्यायलेल्या माणसाला ते रिक्षात बसू देत नसत आणि बसल्यावर कळलं तर वाटेत उतरवत. दत्त मंदिराच्या सिग्नलला त्यांनी सफारी घातलेल्या एका गृहस्थांना उतरवलं तेव्हा मी शेजारीच बसलेलो होतो.

“वास येतोय. उतरा.”

“मी कोण आहे माहीत आहे का तुला?”

“उतरा. मग सांगा.”

गृहस्थ उतरले. आण्णांनी ते कोण हे ऐकून घेतलं नाही.

त्यांचा मुलगा किशोर त्या रिक्षातच वाढला. लहानपणी तो मागच्या सीटवर झोपे. मोठा झाल्यावर दुपारनंतरची पाळी त्याची झाली. गाडी चांगली चालवायचा, बापापेक्षा मऊ बोलायचा, आणि विशी ओलांडताना प्यायला लागला. नव्वदच्या दशकाच्या शेवटची ही वर्षं. एका सकाळी रिक्षा जेल रोडच्या गटारीत तिरकी झालेली सापडली आणि किशोर तिच्या आत झोपलेला.

त्या सकाळी मी स्टँडवर होतो. आण्णांनी मुलाच्या शर्टावरचा बिल्ला काढून घेतला. मग त्याचा हात धरून त्याला रांगेतल्या पहिल्या रिक्षापाशी नेलं. “म्हण, काका, मी दारू पिणार नाय.” किशोर म्हणाला. मग दुसऱ्या रिक्षापाशी. असं रांगभर. चालक आधी हसले. एकाने “शाब्बास पठ्ठ्या” म्हटलं. दुसरा म्हणाला, “आमच्या वाटची बी सोड, किशा.” रांगेच्या शेवटापर्यंत हसू ओसरलं होतं. शेवटच्या रिक्षापाशी किशोरने बापाकडे एकदा पाहिलं, वाक्य पूर्ण केलं, नळावर जाऊन तोंड धुतलं आणि पुलाच्या दिशेने चालत गेला. तो घरी गेलाच नाही, हे नंतर कळलं.

दोन महिन्यांनी आण्णा आमच्या कचेरीत आले. वर्तमानपत्रात बेपत्ता माणसांच्या जाहिराती येतात, तशी एक द्यायची होती. खिशातून किशोरचा फोटो काढून टेबलावर ठेवला. केवढी येईल, कोणत्या पानावर येईल, हे विचारलं. मग म्हणाले, “ओझरला तुमचा पेपर जातो का?”

“जातो.”

त्यांनी फोटो उचलला आणि खिशात ठेवला. ओझरला त्यांच्या मुलीची, सुनीताची, सोयरीक ठरत होती. तिकडे सांगितलं होतं की किशोर पुण्याला कंपनीत लागला आहे. स्टँडवरही तेच सांगितलं होतं. खरं काय ते आण्णांना आणि त्यांच्या पत्नी शांताबाईंना माहीत होतं. त्या दिवसापासून मला.

द्राक्षांच्या हंगामात निफाड-पिंपळगावचा माल ट्रकने उत्तरेकडे जातो. असाच एक ट्रकवाला आण्णांच्या ओळखीचा होता. त्याने सांगितलं की सेंधव्याच्या पुढे आग्रा रोडवरच्या एका ढाब्यावर किशोर भांडी घासताना दिसला. दाढी वाढली आहे, पितो आहे, पण बरा आहे. ढाबेवाला होळीला हिशेब करतो आणि पोरं पांगतात, हेही तो म्हणाला. होळी चार-पाच दिवसांवर होती.

मी एसटीने जा म्हटलं. आण्णांनी मान हलवली.

“मला लांबनं बघितलं तर मागच्या दारानं जाईल तो. गाडीचं वेगळं हाय. ल्हान असताना दारात गाडीचा आवाज आला का झोपेतनं उठून यायचा. हजार गाड्यांत वळखतो तो हिचा आवाज. ऐकला तर थांबल.”

“आणि तिथे नसला तर?”

“मग फुढं. ट्रकं जिथवर जात्यात तिथवर.”

अडचण परमिटची होती. रिक्षाचं परमिट जिल्ह्यापुरतं. मालेगाव ओलांडून थोडं पुढे गेलं की ते संपतं. जिल्ह्याबाहेर गाडी कशी नेता येईल, असं आण्णांनी युनियनचे अध्यक्ष भालेराव यांना विचारलं. कशासाठी ते सांगितलं नाही. भालेराव खूश झाले. त्यांना बरेच दिवस असं काही हवं होतं.

“भारतभ्रमण करू या, आण्णा. संदेश घेऊन गेलं की कोणी अडवत नाही. आमदारसाहेबांचं शिफारसपत्र मी आणतो. एकात्मता मागल्या वर्षी सायकलवाल्यांनी घेतली. आपण व्यसनमुक्ती घेऊ. तुमच्याइतका निर्व्यसनी माणूस अख्ख्या युनियनमध्ये नाही.”

आण्णा म्हणाले, “पुढच्या चौकात सांगतो.”

संध्याकाळपर्यंत फलक रंगवून झाला होता. ‘दारू सोडा, संसार जोडा. रिक्षाचालक रंगनाथ मौले यांचे भारतभ्रमण.’ पुढे एक, मागे एक. टपावर भोंगा आणि त्याला जोडलेला टेपरेकॉर्डर. कॅसेटमध्ये भालेरावांनी स्वतःच्या आवाजात घोषणा भरून दिल्या होत्या. साहेबांच्या पत्रात गाडीचा उल्लेख ‘प्रचार वाहन’ असा होता.

निघायच्या सकाळी स्टँडवर मांडव होता. भावांनी मखमलाबादहून झेंडूचे हार आणले होते. त्यांनी रिक्षा इतकी झाकली की पुढची काच पुसायला जागा उरली नाही. भालेराव बोलले, एक नगरसेवक बोलले. बातमीदार म्हणून मला मालेगावपर्यंत सोबत जायचं होतं, म्हणून मी मागच्या सीटवर सतरंजी आणि स्टोव्ह यांच्या मध्ये बसलो होतो. शांताबाई औक्षण करायला आल्या. त्यांनी आधी गाडीला कुंकू लावलं, मग नवऱ्याला. भोंगा चालू होता. त्या ताट सावरत खाली वाकून म्हणाल्या, “भेटला तर आधी जेवू घाला. बोलणं नंतर.”

आण्णांनी मान डोलावली आणि किक मारली.

नाशिक रोडहून मालेगाव रिक्षाने दुपारपर्यंत गाठता येतं. आण्णांचा हिशेब तसाच होता. मुक्काम धुळ्याच्या पुढे करायचा, दुसऱ्या दिवशी सेंधवा. भालेरावांनी मात्र आदल्या दिवशी वाटेतल्या प्रत्येक स्टँडला फोन केले होते.

पहिला सत्कार आडगाव नाक्यावर झाला. शाल, श्रीफळ, तीन भाषणं, चहा. आण्णा उभ्यानेच चहा प्यायले. आडगाव गावात दुसरा. तिथले अध्यक्ष यायचे होते म्हणून सगळे थांबले. ते आले तेव्हा ऊन चढलं होतं. आण्णा हार गळ्यातून काढून सीटखाली ठेवत आणि हात जोडत, “येतो. उशीर होतोय.” लोकांना वाटे ही नम्रता आहे. ते आणखी आग्रह करत.

ओझरला स्टँडच्या लोकांमध्ये सुनीताचे होणारे सासरे उभे होते. त्यांनी स्वतः हार घातला आणि माइकवरून सांगितलं, “हे आमचे व्याही.” टाळ्या झाल्या. मग माइक बाजूला करून त्यांनी विचारलं, “किशोरराव लग्नाला तरी येतील ना सुट्टी काढून? का कंपनी सोडायची नाही?”

“यील,” आण्णा म्हणाले.

“या वेळेला आमच्याकडे जेवूनच जा.”

“नको. फुढं जायचंय.”

“अहो, दिल्ली काय पळून जाते का?”

आजूबाजूचे हसले. आण्णांना जेवावं लागलं. व्याह्यांच्या घरी पंगत बसेपर्यंत, वाढेपर्यंत, विडा हातात पडेपर्यंत ते दाराकडे पाहत होते. बाहेर मुलं भोंगा चालू-बंद करत होती.

पिंपळगावला पोचलो तेव्हा दुपार उलटली होती. तिथला स्टँड बाजार समितीजवळ होता आणि गर्दी मोठी होती. तिथल्या लोकांनी कार्यक्रमात एक भर घातली होती. त्यांनी शिवा नावाच्या हमालाला पकडून आणलं होतं. शिवा रोज पिणारा, सगळ्या बाजाराला माहीत असलेला माणूस. तेव्हाही तो प्यायलेला होता. त्याच्या हातात नारळ दिला गेला आणि त्याला रिक्षासमोर, फलकाखाली उभं केलं गेलं.

“घे शपथ, शिवा. आण्णांसमोर घे.”

“रोजच घेतो मी,” शिवा म्हणाला. “आज नारळ हाय एवढंच.”

गर्दी हसली. शिवाही हसला. कोणीतरी त्याचं डोकं धरून खाली वाकवलं, “पाया पड, पाया पड.” भोंग्यातून भालेरावांचा आवाज येत होता. शिवा वाकला तेव्हा मी रिक्षाच्या दांडीला टेकून होतो, म्हणून तो काय बोलला ते मला ऐकू आलं.

“दादा, सोडा ना आता मला. लोक बघत्यात.”

आण्णांनी आत हात घालून भोंगा बंद केला. शिवाच्या हातातला नारळ घेतला. “जा तू,” ते म्हणाले. शिवा कोणाकडे न पाहता गर्दीतून बाहेर पडला. संयोजक थोडे नाराज झाले. “शपथ राहिली की, आण्णा.” माइक पुढे आला, दोन शब्द बोला म्हणून. आण्णांनी माइककडे पाहिलं आणि किक मारली.

चांदवडला रस्त्याच्या कडेला लोक हार घेऊन उभे होते. एक जण रस्त्यात येऊन दोन्ही हात हलवत होता. आण्णांनी वेग कमी केला नाही. त्याला वळसा घालून गाडी पुढे काढली. मागून हाका आल्या.

“ते आपल्यासाठीच थांबले होते,” मी म्हटलं.

“हां.”

चांदवडनंतर राहूडचा घाट उतरतो. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायची ही आण्णांची जुनी सवय, पेट्रोल वाचतं म्हणून. त्या दिवशीही त्यांनी इंजिन बंद केलं. दिवसभर इंजिन, भोंगा आणि माणसं यांच्या आवाजात बोलणं होत नव्हतं. आता फक्त टायरांचा आवाज होता आणि वाऱ्याने फलक फडफडत होता. आण्णा समोर बघून बोलू लागले. आरशात त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“मी त्याला सगळ्यांफुढं फिरवला. तुम्ही व्हता.”

“होतो.”

“शेवटच्या गाडीपाशी त्यानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, सुधारला. लय बरं वाटलं मला. घरी येऊन हिला सांगितलं, सुधारला म्हणून.” एक ट्रक हॉर्न देत वर गेला. “तो बघत व्हता, मी थांबवतो का.”

वळण आलं, गेलं.

“आन् आता ही पाटी. बापाचं नाव घालून. ढाब्यातनं वाचली तर काय म्हणल तो? म्हणल, नाशिकात पुरलं नाय, आता गावोगाव सांगत आलाय.” ब्रेक थोडा दाबून त्यांनी गाडी आवरली. “मला सकाळपासनं समजायला पायजे व्हतं. रंगवली तवाच समजायला पायजे व्हतं.”

मालेगावला ऊन उतरलं होतं. हायवेच्या कडेला रफिकभाईंचं गॅरेज होतं. तिथल्या रिक्षावाल्यांचे पुढारीही तेच. त्यांनी गॅरेजसमोर खुर्च्या मांडल्या होत्या, सरबताचा पिंप होता. आण्णा उतरले आणि हार घ्यायच्या आधी म्हणाले, “पान्हा द्या.”

रफिकभाईंना वाटलं इंजिनचं काही असेल. पोरगं पान्हा घेऊन धावलं. आण्णा मागच्या फलकाचे बोल्ट सोडवू लागले. दोन रिक्षावाल्यांना वाटलं फलक ढिला झाला आहे, ते दुसऱ्या बाजूने बोल्ट आवळू लागले. थोडा वेळ हे असंच चाललं. मग एकाच्या लक्षात आलं.

“काढताय का आण्णा?”

“हां.”

रफिकभाई जवळ आले. “आण्णा, ये बोर्ड ही तो पास है आपका. इसके बिना ये क्या है? दूसरे जिले की रिक्षा. धुलिया में नहीं रोका तो नाके पे रोकेंगे. गाडी जमा कर लेंगे.”

“करू द्या.”

“लेकिन हुआ क्या?”

आण्णांनी पान्हा खाली ठेवला. समोर खुर्च्यांवर लोक बसले होते, कोणाच्या हातात हार होता, कोणाच्या हातात सरबत. आण्णा मोठ्याने बोलले नाहीत, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

“माझं पोरगं पितं. मी त्याची चारचौघांत लाज काढली, म्हणून घर सोडून गेलं. फुढं ढाब्यावर हाय म्हणत्यात. त्याला आणायला चाललोय. बाकी काय नाय.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका म्हाताऱ्या रिक्षावाल्याने हातातला हार खुर्चीवर ठेवला. रफिकभाई स्वतः एका खुर्चीवर चढले आणि त्यांनी टपावरच्या भोंग्याची वायर कापली.

पुढचा फलक काढताना हार तुटले, झेंडूच्या पाकळ्या ऑइलच्या डागांवर पसरल्या. एका पोराने त्या झाडून बाजूला केल्या. रफिकभाईंनी न विचारता प्लग काढून साफ केला. भोंगा, फलक, शाली आणि नारळ गॅरेजमध्ये ठेवले. साहेबांचं पत्र आण्णांनी जवळ ठेवलं. त्याचा आता उपयोग नव्हता आणि त्यांनाही ते माहीत असावं.

“खाना खा के जाओ,” रफिकभाई म्हणाले. “रात यहीं रुको. सुबह निकलो.”

“आजचा दिवस गेला, भाई.”

दुसऱ्या दिवशी आमच्या अंकात ‘मालेगावात भारतभ्रमण रिक्षाचे जल्लोषात स्वागत’ अशी बातमी आली. ती मी फोनवरून दिली होती. त्यात मुलाचा उल्लेख नव्हता. तो करा असं आण्णांनी सांगितलं नव्हतं, करू नका असंही सांगितलं नव्हतं. ओझरला ते वर्तमानपत्राच्या आधीच, रिक्षावाल्यांच्या तोंडून पोचलं. सोयरीक मोडली नाही. लग्न साधेपणाने झालं आणि कन्यादान काकांनी केलं.

पुढचं मला शांताबाईंकडून कळलं ते एवढंच. रिक्षा शिरपूरच्या पुढे नाक्यावर जमा झाली. आण्णा एका कांद्याच्या ट्रकमध्ये बसून पुढे गेले. ढाब्यावर पोचले तेव्हा किशोर आदल्या दिवशी हिशेब घेऊन ग्वाल्हेरकडच्या ट्रकमध्ये बसला होता. काही दिवस आण्णांचे फोन शेजाऱ्यांकडे येत, कधी शिवपुरीहून, कधी कानपूरहून. मग दोन फोनांमधलं अंतर वाढत गेलं. माझी नाशिकहून बदली झाली तोवर दोघांपैकी कोणी परतलं नव्हतं.

मी आण्णांना शेवटचं पाहिलं ते मालेगावच्या त्या संध्याकाळी. नाशिकची एसटी यायची होती, म्हणून मी हायवेवर उभा होतो. पाटी आणि भोंगा नसलेली ती रिक्षा आता स्टँडवरच्या कोणत्याही रिक्षासारखी दिसत होती. आण्णा हात न हलवता निघाले. गावाबाहेर रस्ता सरळ आहे, त्यामुळे मागचा लाल दिवा बराच वेळ दिसत होता. पहिल्या ढाब्यापाशी तो थांबला. सेंधवा अजून खूप लांब होतं. किशोर इथे असण्याचं काही कारण नव्हतं. आण्णांनी इंजिन बंद केलं नाही. गाडी उभी करून ते ॲक्सिलरेटर वाढवत राहिले. फट् फट् करणारा तो आवाज माझ्यापर्यंत येत होता. ढाब्यातून कोणी बाहेर आलं नाही. दिवा पुढे सरकला आणि पुढच्या ढाब्यापाशी पुन्हा थांबला.